तिसरा लाडू

दिवाळी अंकासाठी लिहायला बसले की फराळाचा विषय टाळता येत नाही, आणि फराळाचा विषय निघाला की माझ्यासारख्याला पोटाचा विषय टाळता येत नाही. माझे पोट हा आमच्या घरातला आणि महाविद्यालयातला एक जुना, सर्वमान्य विनोद आहे. ‘सरांच्या आधी त्यांचे पोट वर्गात येऊन हजेरी घेते,’ असे एका विद्यार्थ्याने आमच्या भित्तिपत्रकात लिहिले होते. मजकूर शुद्धलेखनाच्या दृष्टीने निर्दोष असल्यामुळे मी त्याला उत्तेजनार्थ बक्षीस दिले. पंचेचाळिशी ओलांडलेल्या पुरुषाचे पोट ही आपल्याकडे काही लाजेची वस्तू नाही. ‘खात्यापित्या घरचे दिसतात,’ असे लोक कौतुकानेच म्हणतात.

परंतु आज सांगायची आहे ती दुसऱ्या एका विनोदाची गोष्ट. तो विनोद मी केला होता, आणि तो माझ्याविषयी नव्हता.

गेल्या वर्षीचा पाडवा. दिवाणखान्यात पाहुण्यांची गर्दी, मधोमध फराळाची ताटे. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. गप्पांच्या नादात तिने तिसऱ्या बेसनाच्या लाडवाला हात घातला. मी अगदी प्रसन्न मनःस्थितीत होतो. म्हणालो, “अगं, ठेव बाकीच्यांना! नाहीतर पुढच्या दिवाळीला दाराची चौकट रुंद करून घ्यावी लागेल.” सगळे हसले. तीही हसली आणि लाडू परत ताटात ठेवला. ती हसली म्हणूनच मला काही कळले नाही.

फेब्रुवारीत एके दिवशी शाळेतून फोन आला की प्रार्थनेच्या वेळी ती चक्कर येऊन पडली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासले, रक्ताच्या तपासण्या करायला सांगितल्या आणि मला म्हणाले, “तुम्ही जरा बाहेर बसा.” आत ती आणि तिची आई अर्धा तास होत्या. रात्री सौ.ने मला सांगितले ते असे : दिवाळीची सुटी संपून शाळा सुरू झाल्यापासून मुलीच्या डब्यातली पोळीभाजी मैत्रिणींच्या पोटात जात होती. सकाळचे दूध मोरीत जात होते. डॉक्टरांनी ‘का गं?’ म्हणून विचारल्यावर ती एवढेच म्हणाली होती, “बाबांना चौकट रुंद करायला लागू नये म्हणून.”

मी मराठीचा अध्यापक. शब्दांवर माझे पोट चालते. शब्द लागतो म्हणजे काय, हे मी गेली वीस वर्षे वर्गात समजावून सांगत आलो आहे.

तिची प्रकृती हळूहळू सुधारली. पण मी मात्र आपल्या समर्थनाच्या शोधात होतो. एकदा शिक्षकांच्या खोलीत चहा घेता घेता ही हकीकत निघाली, तेव्हा मी म्हणालो, “मुलांनी एवढं मनाला लावून घेऊ नये. आणि खरं सांगायचं तर वजन म्हणजे शेवटी मनोनिग्रहाचाच प्रश्न आहे.” समोर आमच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापिका बसल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि शांतपणे विचारले, “सर, तुमचा मनोनिग्रह आजवर किती वेळा झाला?”

मी हिशेब केला. तीन वेळा. पहिल्या वेळी सहा किलो वजन उतरले आणि सात वाढले. दुसऱ्या वेळी पाच उतरले, सहा वाढले. तिसऱ्या वेळचा हिशेब मी मनातच ठेवला. दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्या टेबलावर छायाप्रतींचा एक गठ्ठा आणून ठेवला. वर नाव होते केली ब्राउनेल. हे नाव बाईचे असावे असे मला वाटले होते. पण ते अमेरिकेतले एक मानसशास्त्रज्ञ निघाले. उन्हाळ्याच्या सुटीत मी तो गठ्ठा वाचला, आणि मग आणखीही काही शोधून वाचले. वाचकहो, या गृहस्थांच्या आयुष्यभराच्या कामात मला माझ्या प्रश्नाचे उत्तर ज्या रीतीने सापडत गेले, ती हकीकत आता सांगतो.

ब्राउनेल यांचा जन्म १९५१ चा, इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिल गावचा. १९७७ मध्ये रटगर्स विद्यापीठातून त्यांनी चिकित्सा-मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आल्बर्ट स्टंकार्ड यांच्याबरोबर काम करू लागले. स्टंकार्ड हे मनोविकारतज्ज्ञ आणि या विषयातले भीष्माचार्य. १९५९ साली त्यांनी एका सहकारी बाईंबरोबर वजन उतरवण्याच्या उपचारांचा ताळेबंद मांडला होता. बहुतेक लोक उपचार अर्धवट सोडतात, टिकतात त्यांतल्या बहुतेकांचे वजन फारसे उतरत नाही, आणि ज्यांचे उतरते त्यांतल्या बहुतेकांचे पुन्हा वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. हे वाचून मला एकदम आप्त भेटल्यासारखे वाटले. याच स्टंकार्ड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये डेन्मार्कमधल्या ५४० दत्तक मुलांचा, ती प्रौढ झाल्यानंतरचा, अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या अंगलटीचे साम्य जन्मदात्या आईबापांशी आढळले. ज्यांच्या घरी ती वाढली, ज्यांच्या ताटात जेवली, त्या आईबापांशी ते आढळले नाही. माझी मुलगी कोणाच्या अंगलटीवर गेली आहे, हे सांगायला डेन्मार्कला जाण्याची गरज नाही. चौकट रुंद करण्याची भाषा करणाराच तिला ती अंगलट देऊन बसला होता.

तरुण ब्राउनेल यांचे काम पहिल्याने माणसाला स्वतःच्या सवयी बदलायला शिकवणे, हेच होते. खाल्लेले टिपून ठेवा, सावकाश जेवा, मोहाच्या वस्तू नजरेआड ठेवा, अशा युक्त्या. हे काम मानसशास्त्रज्ञाचेच. पण त्यांच्या एका छोट्या प्रयोगात मला पुढच्या साऱ्या कामाचे बीज दिसते. स्टंकार्ड आणि आणखी एका सहकाऱ्याबरोबरचा हा अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारपेठेची मोठी इमारत, रेल्वे स्थानक आणि बसचे स्थानक अशा ठिकाणी, जिथे साधा जिना आणि सरकता जिना शेजारी शेजारी होते तिथे, त्यांनी येणारीजाणारी माणसे मोजली. एकवीस हजारांहून अधिक माणसे! बहुतेक सगळी सरकत्या जिन्यावर उभी. मग त्यांनी तिथे एक पाटी लावली. पाटीवर एक मरगळलेले हृदय सरकत्या जिन्यावर बसले आहे आणि एक तरतरीत हृदय जिना चढते आहे, असे चित्र होते. एवढ्यावर साध्या जिन्याने चढणारांची संख्या वाढली, आणि पाटी काढल्यावर ती पुन्हा हळूहळू उतरली.

या प्रयोगाचा विचार मी बरेच दिवस करत होतो. पाटी लागली त्या दिवशी त्या गावच्या लोकांचा मनोनिग्रह एकाएकी वाढला होता काय? आणि ती काढल्यावर तो एकाएकी ओसरला काय? माणसे तीच होती. बदलला होता तो त्यांच्या डोळ्यांसमोरचा देखावा.

१९८६ मध्ये उंदरांवरचा प्रयोग आला. उंदरांना चरबीयुक्त खाणे देऊन लठ्ठ केले, मग मोजके खाणे देऊन उतरवले, मग पुन्हा वाढवले आणि पुन्हा उतरवले. दुसऱ्या खेपेला तेवढेच वजन उतरायला जवळजवळ दुप्पट वेळ लागला, आणि ते परत भरून यायला मात्र पहिल्याच्या सुमारे एकतृतीयांश वेळ पुरला. या खालीवर होण्याला ब्राउनेल यांनी दोरीच्या टोकाला वरखाली होणाऱ्या ‘यो-यो’ या खेळण्याचे नाव दिले, आणि ते जगभर रूढ झाले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे, आणि माणसांवरच्या नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष उलटसुलट आले आहेत. तरीपण माझ्या तीन मनोनिग्रहांचा हिशेब त्या उंदरांनी बिनचूक मांडला होता, हे मला कबूल केले पाहिजे.

येथवर आल्यावर एखादा शास्त्रज्ञ अधिक कडक पथ्य शोधत बसला असता. ब्राउनेल यांनी प्रश्नच बदलला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : अमेरिकेत काही दशकांत कोट्यवधी माणसांची वजने वाढली. एवढ्या थोड्या काळात एका राष्ट्राची अनुवंशिकता बदलत नाही; आणि सगळ्या राष्ट्राने एकाच वेळी मनोनिग्रह सोडला, हेही पटण्यासारखे नाही. मग बदलले काय? बदलले ते आजूबाजूचे जग. गोड पेयाची बाटली पूर्वीपेक्षा मोठी झाली, वाटेत कुठेही मिळू लागली, फळांपेक्षा स्वस्त झाली, आणि मुलांच्या कार्यक्रमांत तिची जाहिरात अखंड वाजू लागली. या परिस्थितीला त्यांनी ‘विषारी पर्यावरण’ म्हटले. विहिरीचे पाणी दूषित असेल तर आपण गावकऱ्यांना पचनशक्ती वाढवण्याचा उपदेश करत नाही. आधी विहीर उपसतो. हा दाखला माझा आहे, पण विचार त्यांचा.

१५ डिसेंबर १९९४ रोजी त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एक लेख लिहिला. आरोग्याला अपायकारक खाण्यावर कर बसवा, चांगले खाणे स्वस्त करा आणि मुलांवर होणाऱ्या जाहिरातींच्या माऱ्याला आवर घाला, असे त्यात सुचवले होते. यावर केवढी टवाळी झाली! ट्विंकी नावाचा मलई भरलेला केकचा एक प्रकार तिकडे घरोघरी ठाऊक आहे. या कल्पनेला वृत्तपत्रांनी ‘ट्विंकी कर’ असे नाव ठेवले. सरकारने आता लोकांच्या ताटात डोकवावे काय, असा सवाल झाला.

हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मलाही माझ्या ताटात सरकारी अधिकारी नको आहे. शिवाय कर बसला की त्याची झळ गरिबाला अधिक लागते, हा आक्षेपही खरा आहे. ब्राउनेल यांच्या बाजूचे लोक यावर असे म्हणतात की मधुमेहाची आणि हृदयविकाराची झळही गरिबालाच अधिक लागते, आणि कराचा पैसा त्याच वस्त्यांतल्या मुलांसाठी खर्च करता येतो. वाचकांनी आपापल्या मताप्रमाणे निवाडा करावा. मला विचाराल तर ताटात डोकावणारे आधीच पुष्कळ आहेत. मुलांच्या कार्यक्रमात दर दहा मिनिटांनी जो डोकावतो, त्याला कोणी विचारत नाही.

टवाळीने ते थांबले नाहीत. कॅथरीन बॅटल हॉर्गन यांच्याबरोबर त्यांनी ‘फूड फाइट’ हा ग्रंथ लिहिला. २००५ मध्ये येल विद्यापीठात अन्नधोरण आणि लठ्ठपणा यांच्या अभ्यासासाठी ‘रड सेंटर’ स्थापन केले. २००६ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने जगातल्या शंभर प्रभावी व्यक्तींत त्यांची गणना केली. २००९ मध्ये, न्यूयॉर्क शहराचे आरोग्यप्रमुख असलेल्या थॉमस फ्रीडन यांच्याबरोबर त्यांनी वैद्यकाच्या एका मान्यवर नियतकालिकात साखरेच्या पेयांवर औंसामागे एक सेंट कर बसवण्याची बाजू मांडली. त्याच वर्षी केनेथ वॉर्नर यांच्याबरोबर लिहिलेल्या दुसऱ्या लेखात त्यांनी सिगारेट कंपन्यांचा इतिहास उगाळला. ग्राहकाची वैयक्तिक जबाबदारी पुढे करायची, शास्त्राविषयी शंका पेरायची आणि कायदा लांबवायचा, या त्यांच्या जुन्या युक्त्या खाद्यव्यवसायात पुन्हा दिसत आहेत काय, असे त्यांनी विचारले होते.

आणि मग, पहिल्या लेखानंतर वीस वर्षांनी, कल्पनेने मूळ धरले. १ जानेवारी २०१४ पासून मेक्सिकोने साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. त्या पेयांची खरेदी पहिल्या वर्षी ५.५ टक्के आणि दुसऱ्या वर्षी ९.७ टक्के कमी झाल्याचे संशोधकांना आढळले. नोव्हेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराच्या मतदारांनी औंसामागे एक सेंटचा कर सुमारे तीनचतुर्थांश मतांनी मंजूर केला. २०१८ मध्ये ब्रिटनने साखरेच्या प्रमाणानुसार चढता कर बसवला. तिथे गंमत अशी झाली की कर सुरू होण्यापूर्वीच अनेक कंपन्यांनी आपल्या पेयांतली साखर कमी करून टाकली. ग्राहकाला काहीच करावे लागले नाही! दरम्यान २०१३ मध्ये ब्राउनेल ड्यूक विद्यापीठात सार्वजनिक धोरणाच्या विद्यालयाचे अधिष्ठाता झाले. सवयी सुधारण्यापासून निघालेला मानसशास्त्रज्ञ धोरणाच्या विद्यालयात पोचला होता.

आपल्याकडेही हे वारे आले आहे. केरळने २०१६ मध्ये मोठ्या नाममुद्रांच्या उपाहारगृहांतले बर्गर, पिझ्झा वगैरे पदार्थांवर १४.५ टक्के कर बसवला होता. पुढच्या वर्षी वस्तू व सेवा कर आला आणि तो त्यात विरून गेला. सप्टेंबर २०२५ पासून साखर घातलेल्या फसफसत्या पेयांवर देशभर ४० टक्के कर आहे. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत चरबी, साखर आणि मीठ जास्त असलेले खाद्य विकू नये, असा नियम २०२० मध्ये झाला आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या प्रौढ स्त्रियांपैकी २४ टक्के आणि पुरुषांपैकी जवळजवळ २३ टक्के जास्त वजनाचे आढळले. आणि त्याच देशात अर्धपोटी मुलेही आहेत. पंगतीला बसणारांचे दोन्ही प्रकार एकाच गल्लीत राहतात. म्हणून पश्चिमेकडचा उपाय जसाच्या तसा उचलून चालणार नाही, हे उघड आहे.

परंतु या साऱ्या गठ्ठ्यात मला सर्वांत जास्त लागला तो करांविषयीचा मजकूर नव्हे. २००१ मध्ये रिबेका प्यूल आणि ब्राउनेल यांनी एक प्रदीर्घ लेख लिहिला. लठ्ठ माणसाला नोकरीत, शाळेत आणि दवाखान्यात कोणती वागणूक मिळते, याचा तो आढावा होता. वैद्यकीय व्यवसायातल्या लोकांच्या मनातसुद्धा लठ्ठ म्हणजे आळशी, लठ्ठ म्हणजे दुबळ्या मनाचा, हे समीकरण पक्के असल्याचे त्यात आढळते. याच विषयावर पुढे झालेल्या अभ्यासांतून दिसले ते असे की, चेष्टेने माणूस बारीक होत नाही. तो लपून जास्त खातो, किंवा उपाशी राहून मग जास्त खातो, व्यायामाच्या ठिकाणी जायला लाजतो, डॉक्टरकडे जाणे टाळतो. ज्याला आपण ‘त्याच्या भल्यासाठी बोललो’ म्हणतो, त्याने त्याचे भले होत नाही.

तो लेख वाचून झाल्यावर मी माझ्याच विषयाकडे वळलो. आपल्या मराठीत अंगलटीला शब्द किती आहेत, ते एका कागदावर लिहून काढले. मूल दोन वर्षांचे असेपर्यंत ते गुटगुटीत. त्याला छान बाळसे असते. तेच मूल बारा वर्षांचे झाले की ढब्बू आणि भोपळा. मुलगा असेल तर धिप्पाड म्हणून सुटतो. मुलगी असेल तर थेट हत्तीण. पंचेचाळिशीचा बाप मात्र खात्यापित्या घरचा! भाषेचा हा न्याय मी वीस वर्षे शिकवत होतो, पण त्याच्याकडे नीट पाहिले नव्हते. माझ्या पोटावर विनोद झाला तर मी बक्षीस देऊ शकत होतो, कारण त्या विनोदाने माझे काही जाणार नव्हते. चौदा वर्षांच्या मुलीजवळ द्यायला बक्षीस नव्हते. तिने डबा दिला.

जून महिन्यात एका संध्याकाळी मी तिची क्षमा मागितली. बापाला हे काम जड जाते. पदवी असली तरी शब्द सापडत नाहीत. मी बरेच काही जमवून ठेवले होते, डेन्मार्कची मुले, उंदीर, जिन्यावरची पाटी. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, “बाबा, ते सगळं ठीक आहे. पण तुम्ही ते सगळ्यांच्या देखत बोलला होता.” याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. गठ्ठ्यातही नव्हते.

त्यानंतर आमच्या घरात काही लहानसे फेरफार झाले. बिस्किटांचा डबा जेवणाच्या टेबलावरून फडताळात गेला आणि त्याच्या जागी केळी आली. बाटलीतली पेये घरात आणणे बंद केले. हे सर्वांसाठी, एकीसाठी नव्हे. पूर्वी एकीलाच ‘तू नको खाऊस’ असे सांगितले जाई. त्यात मी कधी स्वतःला धरले नव्हते. सायंकाळी आम्ही दोघे कोपऱ्यावरच्या टेकडीपर्यंत चालत जातो. किती उतरले, हे कोणी विचारत नाही. वजनाचा काटा माळ्यावर आहे.

आणखी एक नियम केला आहे, आणि तो पाळणे सर्वांत अवघड जाते. घरात कोणाच्याही शरीरावर बोलायचे नाही. वाईट नाही आणि चांगलेही नाही. या गणपतीत एक आत्या आल्या होत्या. मुलीला पाहताच म्हणाल्या, “अगं बाई, किती छान बारीक झालीस!” मुलीने चटकन माझ्याकडे पाहिले. आत्या वयाने मोठ्या, मनाने प्रेमळ. मी नुसतेच म्हणालो, “आत्या, तिने यंदा पेटीची परीक्षा दिली, ते विचारा.” आत्यांनी विचारले. विषय पेटीवर गेला आणि तिथेच राहिला.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुमच्याकडेही ताटे मांडली जात असतील. पाहुणे येतील, मुलेबाळे येतील. त्यांतले कोणी तिसऱ्या लाडवाला हात घालील. तुमच्या जिभेवर एखादे छान वाक्य येईल. फराळाला बसलेल्या मराठी माणसाच्या जिभेवर ते येतेच. वाचकहो, त्या वेळी एक चकली तोंडात टाकावी. चकली कुरकुरीत असली तर दुसरे काही बोलता येत नाही, हा माझा अनुभव आहे.

यंदा पाडव्याला आमच्याकडे पुन्हा तीच मंडळी जमणार आहेत. लाडू सौ. आणि मुलगी दोघी मिळून वळणार आहेत. ती तिसरा घेते की पहिलाही घेत नाही, ते मला ठाऊक नाही. मी मोजणार नाही, एवढेच ठरवले आहे.